बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलला नर्गिस यांचं नाव का आहे? आणि कॅन्सरमध्ये माणूस खंगतो का?

सोलापूर, धाराशिव, बीड या पट्ट्यात बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल माहीत नाही असं गाव सापडणं अवघड. त्याच्या बोर्डावर नाव आहे नर्गिस दत्त यांचं. आता मदर इंडियाच्या नायिकेचा बार्शीशी काय संबंध? तर संबंध आहे त्यांच्या शेवटच्या आजाराचा.

नर्गिस यांचा जन्म १ जून १९२९ चा, कोलकात्यातला. खरं नाव फातिमा रशीद. आई जद्दनबाई गायिका आणि सिनेमाच्या निर्मात्या. १९३५ मध्ये बेबी नर्गिस पडद्यावर आली, १९४३ मध्ये तकदीरची नायिका झाली. मग अंदाज, बरसात, आवारा, श्री ४२०. १९५७ च्या मदर इंडियात स्वतः नांगर ओढणारी राधा त्यांनी अशी उभी केली की गावोगावच्या बायकांना ती आपलीच वाटली. १९५८ मध्ये त्यांनी सुनील दत्त यांच्याशी लग्न केलं आणि हळूहळू सिनेमा कमी करून समाजकार्यात लक्ष घातलं.

१९८० मध्ये त्या राज्यसभेवर गेल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अधिवेशन चालू असताना तब्येत बिघडली. आधी कावीळ वाटली. तपासण्यांत निघाला स्वादुपिंडाचा कॅन्सर.

स्वादुपिंड जठराच्या मागे लपलेलं असतं, त्यामुळे गाठ बराच काळ कळतच नाही. गाठीने पित्ताची नळी दाबली की कावीळ दिसते. अन्न पचवणारा रस कमी पडतो, खाल्लेलं अंगी लागत नाही. त्यात शरीरात सतत दाह चालू राहतो. तो भूकही मारतो आणि स्नायूही झिजवतो. आपण याला खंगणं म्हणतो, डॉक्टर कॅकेक्सिया म्हणतात. टीबी, किडनी, हृदय आणि फुफ्फुसाच्या जुन्या आजारांतही असंच होतं.

नर्गिस यांच्यावर न्यूयॉर्कला उपचार झाले. पण ३ मे १९८१ रोजी मुंबईत त्या गेल्या. वय होतं फक्त ५१. मुलगा संजयचा पहिला सिनेमा रॉकी काही दिवसांतच लागला. तो त्यांना बघता आला नाही.

पुढे बार्शीत खेड्यातल्या पेशंटसाठी उभ्या राहिलेल्या हॉस्पिटलला त्यांचं नाव मिळालं. न्यूयॉर्क सोडाच, मुंबई गाठणंही ज्यांना परवडत नव्हतं अशांची सोय झाली. १९८७ मध्ये इथेच देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, भूम आणि परांडा तालुक्यांत कर्मचारी गावोगाव फिरून लक्षणं समजावू लागले, पेशंटची नोंद ठेवू लागले.

पण घराघरात एक गैरसमज अजून आहे. पेशंट खंगला की लोक म्हणतात, हा खातच नाही, याने हाय खाल्लीय. मग बळजबरीने भरवणं, नाहीतर सलाईन लावण्याचा आग्रह. साध्या सलाईनमध्ये पाणी, मीठ, फार तर साखर असते. त्याने स्नायू भरत नाहीत. नुसत्या जास्त जेवणानेही ही झीज पूर्ण भरून निघत नाही.

मग करायचं काय? मूळ आजारावर उपचार पहिले. मळमळ, तोंड येणं, दुखणं, बद्धकोष्ठता डॉक्टरांना सांगायची, कारण भूक यांनीही मरते. स्वादुपिंडाच्या आजारात जेवणासोबत पाचक रसाच्या गोळ्या देता येतात. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खायला द्यायचं. अंडी, दही, मटकीची उसळ, भाकरीसोबत शेंगदाण्याची चटणी चालते. कॅन्सरच्या पेशंटला वजनाच्या दर किलोमागे साधारण १ ते १.५ ग्रॅम प्रोटीन लागतं. किडनीचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच. सोबत झेपेल तसं चालणं, खुर्चीवरून उठबस करणं. पडून राहिलं की स्नायू आणखी झिजतात.

आणि सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे वजनाची वही. ६० किलोच्या माणसाचं वजन सहा महिन्यांत, प्रयत्न न करता, ३ किलोपेक्षा जास्त उतरलं तर ती धोक्याची खूण आहे. कपडे सैल झाले म्हणून हसण्यावारी नेऊ नका. हाडं वर येईपर्यंत थांबूही नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.