हात धुवावयास लावणारे डॉक्टर सेमेलवाइस

शहरांतील मोठ्या रुग्णालयांत आजाऱ्यास भेटावयास गेलेल्या आमच्या वाचकांनीं अतिदक्षता विभागाच्या दारापाशीं हातांस लावण्याच्या औषधाची बाटली पाहिली असेल. तेथील परिचारिका प्रत्येकास प्रथम हात स्वच्छ करावयास सांगते. कित्येकांस ह्याचा राग येतो. परंतु ह्या लहानशा नियमामागें एका मनुष्याचें सारें आयुष्य खर्चीं पडलें आहे. त्यांचें चरित्र आज थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इग्नाझ सेमेलवाइस ह्यांचा जन्म हंगेरी देशांतील बुडा शहरीं 1 जुलै 1818 रोजीं झाला. त्यांचे वडील सुखवस्तु किराणा व्यापारी होते. मुलगा 1837 सालीं कायदा शिकण्याकरितां व्हिएन्ना येथें गेला, परंतु लौकरच तें सोडून वैद्यकाकडे वळला. 1844 सालीं ते डॉक्टर झाले आणि 1846 च्या जुलैंत व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत बाळंतपणाच्या पहिल्या विभागांत प्राध्यापक क्लाइन ह्यांचे साहाय्यक म्हणून रुजू झाले.

त्या रुग्णालयांत बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यांत वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी शिकत. इमारत एकच, हवा एकच, अन्नहि एकच. तरी 1846 सालीं पहिल्या विभागांत 4010 बायकांपैकीं 459 मेल्या आणि दुसऱ्यांत 3754 पैकीं 105. बाळंतज्वर हें बहुतेकींच्या मरणाचें कारण होतें. ही गोष्ट गांवभर ठाऊक होती. पहिल्या विभागांत घालूं नका म्हणून गरीब बायका गुडघे टेकून रडत. वाटेंतच ज्या रस्त्यावर बाळंत होत, त्यांना हा ताप क्वचितच येई.

तरुण डॉक्टरांस चैन पडेना. त्यांनीं एकेक कारण तपासून पाहिलें. मरणाऱ्या स्त्रीकडे जातांना धर्मगुरु घंटा वाजवीत वॉर्डांतून जातात, त्या भीतीनें ताप येतो काय, म्हणून तो मार्ग बदलविला. अंतर पडलें नाहीं. बाळंतपणाच्या वेळीं बायकांस कुशीवर निजविलें. अंतर पडलें नाहीं.

1847 च्या मार्चांत ते व्हेनिसहून परत आले तों त्यांचे मित्र प्राध्यापक कोलेचका वारल्याचें कळलें. शवविच्छेदनाच्या वेळीं एका विद्यार्थ्याची सुरी त्यांच्या बोटाला लागली होती. मृत्यूनंतर त्यांच्या शरीरांत जीं चिन्हें दिसलीं, तींच बाळंतज्वरानें मेलेल्या बायकांत दिसत. सेमेलवाइस ह्यांच्या डोळ्यांपुढें एकदम उजेड पडला. विद्यार्थी आणि डॉक्टर सकाळीं प्रेतें फाडीत व त्याच हातांनीं बाळंतिणींस तपासावयास येत. सुइणी प्रेतांस शिवत नसत. म्हणजे मरण हवेंतून येत नव्हतें, बरें करणाऱ्यांच्या हातांतून येत होतें.

ह्यांत त्यांना स्वतःलाहि दोष दिसला. प्रेतें तपासण्यांत त्यांच्याइतका उद्योगी दुसरा कोणी क्वचितच होता. आपल्या हातून किती बायका अकालीं गेल्या हें देवासच ठाऊक, असें त्यांनीं पुढें आपल्या ग्रंथांत निर्भीडपणें कबूल केलें आहे.

मे 1847 मध्यें त्यांनीं आज्ञा केली कीं, क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यांत हात धुतल्याशिवाय कोणीं वॉर्डांत पाऊल ठेवूं नये. आपण विहिरींत जी ब्लीचिंग पावडर टाकतों तीच ही वस्तु. त्या एप्रिलांत शेंकडा 18 बायका मेल्या होत्या; जूनमध्यें शेंकडा 2 हून थोड्याच अधिक मेल्या. ऑक्टोबरांत नवा धडा मिळाला. गर्भाशयाच्या कर्करोगानें पू वाहणारी एक स्त्री पहिल्या खाटेवर होती; तिला तपासून मग ओळीनें इतरांस तपासलें, आणि बारांपैकीं अकरा मेल्या. प्रेतच नव्हे, तर जिवंत रोग्याची घाणहि घातक असते हें कळून आलें. तेव्हां प्रत्येक रोग्यामागून हात धुण्याचा नियम झाला. 1848 सालीं 3556 बाळंतिणींपैकीं 45 च दगावल्या.

इतकें होऊनहि वडील मंडळींस हें रुचलें नाहीं. तें मान्य करणें म्हणजे आपल्या हातून मरण गेलें असें मान्य करणें होय, आणि हें प्रतिष्ठितांस फार जड जातें. 1849 सालीं त्यांची मुदत वाढविली गेली नाहीं. 1850 त ते मित्रांचाहि निरोप न घेतां पेस्ट शहरीं परतले. तेथील सेंट रोखस रुग्णालयांत सहा वर्षांत 933 बाळंतपणांत ह्या तापानें आठच बायका गेल्या.

त्यांच्याकडूनहि चुका झाल्या. आपला शोध ग्रंथरूपानें मांडावयास त्यांनीं 1861 साल उजाडूं दिलें. मग न ऐकणाऱ्या प्राध्यापकांस उघड पत्रें लिहून त्यांनीं खुनी ठरविलें. सत्य त्यांच्या बाजूस होतें, पण कठोर शब्दांनीं कान अधिकच मिटले. पुढें त्यांचें चित्त बिघडलें. 1865 च्या जुलैंत त्यांना व्हिएन्नांतील वेड्यांच्या इस्पितळांत नेऊन ठेविलें, आणि 13 ऑगस्ट रोजीं जखमेचें विष रक्तांत भिनून, म्हणजे ज्या विषाशीं ते झगडले त्यानेंच, त्यांचा अंत झाला. वय अवघें 47. त्याच्या आदल्याच दिवशीं ग्लासगो येथें डॉ. लिस्टर ह्यांनीं एका मुलाच्या जखमेस कार्बोलिक लावून जंतुनाशक उपचार आरंभिला. हे रोगजंतु म्हणजे काय हें पास्तर आदि शोधकांनीं पुढें दाखविलें.

त्यानंतर पेनिसिलिन व इतर प्रतिजैविकें निघालीं, आणि मनुष्यास वाटलें कीं आतां भय संपलें. पण औषध दुबळ्या जंतूंस मारतें. जे तग धरतात तेच वाढतात, व आपला गुण इतर जंतूंसहि देतात. अतिदक्षता विभागांत रोगी अशक्त असतात, श्वासाच्या व लघवीच्या नळ्या शरीरांत असतात, जबर औषधें चालूं असतात. म्हणून असे न जुमानणारे जंतु तेथें बळावतात आणि एका खाटेवरून दुसरीवर पुष्कळदां हातांवरूनच जातात. 2019 ह्या एका वर्षांत जगांत सुमारें 12 लक्ष 70 हजार माणसें अशा जंतूंमुळें मेलीं असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. औषध हरतें तेथें पुन्हां सेमेलवाइस ह्यांचाच उपाय पुढें येतो. 2009 सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें हात केव्हां व कसे स्वच्छ करावे ह्याचे नियम सर्व देशांपुढें ठेविले.

आम्हीहि आजाऱ्यांस भेटतांना एका खाटेवरून दुसरीकडे जातों, कपाळावर हात ठेवितों. ह्या चरित्रानें आमचेच हात आम्हांस पाहावयास लाविले. वाचकहो, परिचारिकेनें हात धुवावयास सांगितलें तर रागावूं नका. डॉक्टर हात न धुतां आले तर नम्रपणें आठवण द्या. साध्या सर्दीखोकल्यास दुकानांतून प्रतिजैविकाच्या गोळ्या आणून घेऊं नका, आणि डॉक्टरांनीं दिल्या असतील तर त्यांच्या सांगण्याप्रमाणेंच घ्या. प्रीतीनें पुढें केलेला हातहि स्वच्छ असावा लागतो.