ऑपरेशन यशस्वी झालं, पण पेशंट बदलून गेले : थायरॉइडचं कोडं उलगडणारे डॉ. कोखर

सकाळी उठल्यावर उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घ्यायची आणि मग अर्ध्या-एक तासाने चहा. आपल्याकडे कित्येक घरांत हा नेम आता अंगवळणी पडला आहे. पण गळ्यातली ही एवढीशी ग्रंथी नेमकं काय काम करते, हे दीडशे वर्षांपूर्वी जगातल्या कुठल्याच डॉक्टरला ठाऊक नव्हतं. ते कळलं ते एका सर्जनच्या हातून घडलेल्या मोठ्या चुकीमुळे, आणि ती चूक त्याने स्वतःच जगासमोर मांडल्यामुळे.

त्यांचं नाव एमिल थिओडोर कोखर. नोबेल मिळवणारे जगातले पहिले सर्जन.

गलगंडाचा देश

कोखर यांचा जन्म २५ ऑगस्ट १८४१ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात झाला. शिक्षणही तिथेच झालं. पुढे बर्लिन, लंडन, पॅरिस, व्हिएन्ना असा प्रवास करत त्यांनी त्या काळच्या नामांकित सर्जनांचं काम जवळून पाहिलं. १८७२ मध्ये, वयाच्या अवघ्या तिसाव्या-एकतिसाव्या वर्षी ते बर्न विद्यापीठात शस्त्रक्रियेचे प्राध्यापक झाले. मोठमोठ्या शहरांतून बोलावणी आली, तरी पुढची ४५ वर्षं त्यांनी बर्न सोडलं नाही.

आज स्वित्झर्लंड म्हटलं की बर्फाचे डोंगर आणि घड्याळं आठवतात. त्या काळी मात्र तिथल्या दऱ्याखोऱ्यांची ओळख होती गलगंड. तिथल्या मातीत आणि पाण्यात आयोडीन फारच कमी. आयोडीन मिळालं नाही की थायरॉइड ग्रंथी जास्त काम करायच्या धडपडीत फुगत जाते. काहींच्या गळ्यावर एवढी मोठी गाठ येई की श्वासनलिका दाबली जाऊन माणूस गुदमरायचा.

मग कापून काढायची ना ती गाठ? इथेच अडचण होती. थायरॉइडला रक्तपुरवठा प्रचंड. सुरी लावली की रक्ताच्या चिळकांड्या उडत. १९व्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा शस्त्रक्रियेत १०० पैकी साधारण ४० रुग्ण दगावत. १८५० साली तर फ्रान्सच्या वैद्यक अकादमीने या शस्त्रक्रियेच्या विरोधातच भूमिका घेतली होती.

शांत हाताचा सर्जन

कोखर यांची पद्धत वेगळी होती. तेव्हा झटपट उरकणारा सर्जन मोठा मानला जाई, कारण रुग्णाला भूल न देता कापायचा काळ नुकताच सरला होता. कोखर मात्र सावकाश काम करत. एकेक रक्तवाहिनी चिमट्यात धरायची, बांधायची आणि मगच पुढे जायचं. त्यांनी तयार केलेला दातेरी चिमटा आजही ऑपरेशन थिएटरमध्ये ‘कोखर’ या नावानेच मागितला जातो. जखम निर्जंतुक ठेवण्याची लिस्टर यांची पद्धत त्यांनी लवकर उचलली आणि काटेकोर पाळली.

याचा परिणाम दिसू लागला. त्यांच्या पहिल्या शंभरेक शस्त्रक्रियांत मृत्यूचं प्रमाण शेकडा १३च्या आसपास आलं. पुढे तर ते शेकडा अर्ध्याच्याही खाली गेलं. लांबलांबून रुग्ण बर्नला येऊ लागले. गाठ पुन्हा वाढू नये म्हणून कोखर अनेकांची संपूर्ण ग्रंथीच काढून टाकत. ग्रंथीचा काही उपयोग असतो असं कुणी ठामपणे सांगतच नव्हतं, त्यामुळे ती ठेवायची कशाला, असा साधा हिशेब होता.

रुग्ण जिवंत राहायचा, जखम भरायची, तो घरी जायचा. सर्जनच्या वहीत नोंद व्हायची : यशस्वी.

वहीत नसलेली नोंद

१८७४ च्या जानेवारीत कोखर यांनी ११ वर्षांच्या एका मुलीची संपूर्ण थायरॉइड काढली. काही काळाने तिच्या गावच्या डॉक्टरांनी कळवलं की ही मुलगी पार बदलली आहे. आधी चुणचुणीत, हसरी असलेली पोर मंद आणि सुस्त झाली होती.

१८८२ मध्ये जिनिव्हाचे सर्जन जाक-लुई रेव्हेर्दाँ यांनीही कोखर यांना असाच अनुभव सांगितला. पूर्ण ग्रंथी काढलेल्या आपल्या रुग्णांमध्ये त्यांना विचित्र बदल दिसत होते. आता मात्र कोखर अस्वस्थ झाले. त्यांनी आपल्या जुन्या रुग्णांना पुन्हा तपासणीसाठी बोलावलं.

त्यांच्यात ती मुलगीही होती. शस्त्रक्रियेआधी ती आणि तिची धाकटी बहीण इतक्या सारख्या दिसत की लोकांची गफलत होई. आता नऊ वर्षांनंतर धाकटी उंच, देखणी तरुणी झाली होती. थोरली तेवढीच बुटकी राहिली होती. चेहरा सुजलेला, बोलणं आणि हालचाली संथ.

संपूर्ण ग्रंथी काढलेले १८ रुग्ण तपासायला मिळाले. त्यांतल्या १६ जणांची हीच गत होती. थकवा, थंडी सहन न होणं, सुजलेली त्वचा, गळणारे केस, मंदावलेली बुद्धी. उरलेले दोघे ठीक होते, कारण त्यांची गाठ पुन्हा वाढली होती. म्हणजे ग्रंथीचा थोडा भाग आत राहून गेला होता! ज्यांचं ऑपरेशन ‘अर्धवट’ झालं, तेच वाचले होते.

एप्रिल १८८३ मध्ये बर्लिनला जर्मन सर्जनांच्या परिषदेत कोखर यांनी हे सगळं आकड्यांसकट मांडलं. त्यांची सगळी कीर्ती याच शस्त्रक्रियेवर उभी होती, तरीही निरोगी थायरॉइडचा भाग शिल्लक असेल तर संपूर्ण ग्रंथी काढू नये, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. हे बदल आधी कुणाच्या लक्षात आले यावरून पुढे रेव्हेर्दाँ आणि त्यांच्यात वाद झाला. रेव्हेर्दाँ यांनी आपली निरीक्षणं १८८२ मध्येच मांडली होती, हे खरंच आहे.

कारण मात्र चुकलं

गंमत म्हणजे, लक्षणं अचूक टिपूनही कोखर यांचा कारणाचा अंदाज सुरुवातीला चुकला. शस्त्रक्रियेमुळे श्वासनलिकेला इजा होते आणि शरीराला प्राणवायू कमी पडतो, असं त्यांना वाटलं.

योग्य धागा सापडला लंडनमध्ये. तिथल्या डॉक्टरांना मिक्सिडीमा नावाचा आजार माहीत होता : सुजलेला चेहरा, सुस्ती, थंडी. फेलिक्स सेमॉन यांनी १८८३ मध्येच सुचवलं की हा आजार, डोंगराळ भागात दिसणारी जन्मजात वाढ खुंटण्याची व्याधी आणि कोखर यांच्या रुग्णांची अवस्था या तिन्हींचं मूळ एकच आहे : थायरॉइडचं काम थांबणं. त्यावर समिती बसली. व्हिक्टर हॉर्सली यांनी माकडांची थायरॉइड काढून प्रयोग केले आणि १८८८ च्या अहवालाने सेमॉन यांचं म्हणणं खरं ठरवलं. कोखर यांनीही आपलं जुनं मत सोडलं.

दवाखान्यातलं निरीक्षण आणि प्रयोगशाळेतला पुरावा असे दोन्ही जुळले, आणि मग उपचारही सुचला. ग्रंथी नसल्याने आजार होत असेल, तर ती बाहेरून दिली तर? कोखर यांनी १८८३ मध्येच एका रुग्णात थायरॉइडचा तुकडा बसवून पाहिला होता. खरा मार्ग सापडला १८९१ मध्ये. इंग्लंडच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क मिक्सिडीमाच्या एका रुग्ण स्त्रीला टोचला. ती सुधारली आणि या उपचारावर पुढे २८ वर्षं जगली. लवकरच अर्क तोंडाने दिला तरी चालतो हेही कळलं. १९१४ मध्ये अमेरिकेत एडवर्ड केंडल यांनी त्यातलं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, वेगळं काढलं. त्याचंच नाव थायरॉक्सिन.

नोबेल आणि नंतर

१९०९ मध्ये थायरॉइडवरील कामासाठी कोखर यांना नोबेल मिळालं. त्यांनी एकट्याने गलगंडाच्या सुमारे ५००० शस्त्रक्रिया केल्या. १९१३ मध्ये लेनिन यांच्या पत्नी नादेझ्दा क्रुप्स्काया यांचं थायरॉइडचं ऑपरेशनही त्यांनीच केलं. पुढे पिट्युटरी ग्रंथीच्या आजारांवर नाव कमावणारे हार्वे कुशिंग तरुणपणी त्यांच्याकडे बर्नला काम करायला आले होते. विद्यापीठाला कोखर यांनी संशोधन संस्थेसाठी दोन लाख फ्रँक दिले. २७ जुलै १९१७ रोजी त्यांचं निधन झालं.

पाच वर्षांनी, १९२२ मध्ये, स्वित्झर्लंडमध्ये आयोडीनयुक्त मीठ यायला सुरुवात झाली आणि हळूहळू त्या दऱ्यांमधला गलगंडच ओसरला. भारतातही हिमाचलच्या कांगडा खोऱ्यातल्या अभ्यासाने मिठाचा हाच उपाय पटवून दिला आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. ज्या आजारासाठी कोखर यांनी हयातभर सुरी हातात धरली, त्याच्यावरचा स्वस्तातला इलाज चिमूटभर मिठात होता. पण थायरॉइडशिवाय माणसाचं काय होतं, हे जगाला समजलं ते घरी पाठवलेल्या रुग्णांना त्यांनी पुन्हा बोलावून घेतलं म्हणून.