खर्जाची तार आणि सुताचा दोरा

उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा आवाज मोठा नव्हता. बारीक, थोडा नाकातून येणारा. पण तंबोऱ्यात असा मिसळायचा की गळा कुठे संपला आणि तार कुठे सुरू झाली ते कळू नये. मी रविवारच्या मिस्साला कॉयरमध्ये बेस गिटार वाजवतो. आता बेसवाल्याला किराणा घराण्याचं काय, असं तुम्ही विचाराल. तर कमी पैशात स्वच्छ खर्ज कसा मिळवायचा, या माझ्या रोजच्या प्रश्नाचं उत्तर मला खाँसाहेबांच्या तंबोऱ्यात सापडलं.

त्यांचा जन्म १८७२ सालचा, उत्तरेतल्या कैराना गावचा. सारंगी, बीन आणि गाणं घरातच होतं. तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात गायक झाले. तिथल्या सरदार मान्यांची मुलगी तारा हिच्याशी त्यांनी लग्न केलं आणि दोघांना बडोदा सोडावं लागलं. पुढे मिरज त्यांचं घर झालं. म्हैसूरच्या दरबारात जाता-येता त्यांनी कर्नाटक संगीत मन लावून ऐकलं आणि त्यातली सरगम आपल्या गाण्यात आणली. आपल्या हुबळी-धारवाडचं नशीब याच वाटेवरचं. कुंदगोळच्या रामभाऊंना त्यांनी शिकवलं, ते सवाई गंधर्व झाले. आणि त्यांच्याकडे गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी शिकले.

१९१३ मध्ये खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. गरीब मुलांची राहण्या-जेवणाची सोय तिथेच. खर्च भागायचा तो जलशांच्या पैशांतून. म्हणजे बजेट त्यांनाही होतंच! १९२२ मध्ये ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर ही त्यांचीच मुलं, पण बापाचं नाव त्यांच्या नावापुढे राहिलं नाही. खाँसाहेब मिरजेला परतले. घर गेलं, सूर तेवढा उरला. त्यांच्या शेवटच्या वर्षांतली ध्वनिमुद्रणं ऐकली की मला वाटतं, या माणसाने जे हातात होतं तेवढंच आणखी आणखी स्वच्छ केलं.

ते स्वतः बीन वाजवायचे आणि वाद्यांची दुरुस्तीही करायचे. मिरजेत ते शोभूनही दिसतं, कारण तंबोरे बनवणारी घराणी तिथलीच. तंबोऱ्याची जाड पितळी खर्जाची तार नुसती छेडली तर बोथट वाजते. मग घोडीचा माथा घासून जवारी काढतात आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवतात. दोरा केसभर पुढे-मागे केला की एका जागी तार एकदम उजळते. खर्ज मोठा होत नाही. त्याच्यातले वरचे स्वर जागे होतात आणि त्यांच्यामुळे खालचा षड्ज कानाला स्पष्ट कळतो. खर्च किती? एका दोऱ्याचा. बाकी सगळं काम कानाचं.

बेसचंही गणित हेच आहे. सगळ्यात खालची ई तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. आपल्या छोट्या अँपच्या स्पीकरला ते झेपत नाही. बासचं बटण वाढवलं की नुसती घूंघूं वाढते, सूर नाही. मग नवा पेडल घेण्याआधी बिनपैशाच्या गोष्टी करून बघा. बासचं बटण थोडं मागे घ्या, मधल्या पट्टीचं पुढे. तारा छेडताना हात ब्रिजकडे सरकवा. जाड तारेखालचा पिकअप स्क्रूने अर्धा-एक फेरा खाली उतरवा. जी तार वाजवायची नाही ती बोटाने दाबून गप्प ठेवा. वाजवून झालं की तारांवरचा घाम पुसा. एवढं करूनही आवाज मेलेलाच वाटला, तर पैसे नव्या तारांवर घाला. आणि प्रत्येक बदलानंतर थांबून ऐका. आमच्या गोकुळ रोडवर बसेस, इंडस्ट्रियल इस्टेट आणि वरून विमानं असताना हे ऐकणंच सगळ्यात महाग पडतं.

१९३७ च्या ऑक्टोबरमध्ये खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. रेल्वेत छातीत दुखू लागलं, तेव्हा सिंगपेरुमाळकोइलच्या लहानशा स्टेशनावर ते उतरले. फलाटावर बिछाना घातला, तंबोरा जुळवून घेतला आणि दरबारीच्या सुरांत प्रार्थना गात त्यांनी डोळे मिटले. दरबार नव्हता, विद्यालय नव्हतं, मुलं जवळ नव्हती. तरी आधी तंबोरा जुळवला. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात त्यांना पुरलं. तिथे आजही उरुसाला गायक येतात, त्यांच्यासाठी गातात, आणि गाण्याआधी प्रत्येक जण तंबोऱ्याचा दोरा सरकवून बघतो.