शाश्वताचा ध्यास : रेव्हरंड नारायण वामन टिळक

महूची छावणी १८१८ साली वसली आणि ख्रिस्ती उपासना येथे आली ती गोऱ्या पलटणींबरोबर. हा धर्म राज्यकर्त्यांचा, परक्या भाषेचा, अशी समजूत त्या शतकात मध्य भारताप्रमाणेच महाराष्ट्रातही रूढ होती. आधुनिक काळात ही समजूत आपल्या वाणीने आणि त्याहूनही आपल्या जगण्याने ज्यांनी दूर सारली, ते कविवर्य रेव्हरंड नारायण वामन टिळक होत.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. आईचे छत्र लवकर हरपले. पुढे नाशिकास गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्यांनी संस्कृत काव्याचे अध्ययन केले. १८८० साली लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला. परंतु एका गावी, एका नोकरीत स्थिर होणे त्यांच्या स्वभावात नव्हते. जे टिकत नाही त्यात मन रमेना आणि जे टिकते ते हाती लागेना, अशी ती अस्वस्थता होती.

१८९३ साली राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचावयास दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने टिळक भारावून गेले. तेथे संपत्ती साठविण्याचे स्थळच निराळे सांगितले होते. उद्याची चिंता सोडून ईश्वरी राज्याचा शोध घेण्यास सांगितले होते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमत मात्र त्यांनी एकट्यांनी चुकविली नाही. लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई जवळजवळ पाच वर्षे पतीपासून दूर, आप्तांच्या आधाराने राहिल्या. नवऱ्याला शाश्वताचा मार्ग सापडला आणि पत्नीचा चालता संसार मोडला, हे सत्य टिळकांच्या चरित्रातून वगळता येणार नाही. लक्ष्मीबाई पुन्हा त्यांच्याकडे आल्या. सोवळ्याओवळ्याचे संस्कार हळूहळू, स्वतःच्या विचाराने गळून पडले आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

अहमदनगर ही टिळकांची कर्मभूमी झाली. अनंतकाळावर दृष्टी ठेवणारा मनुष्य इहलोकाविषयी उदास असतो, असा समज आहे. टिळकांचे उदाहरण नेमके उलट आहे. फुलांवर, मुलांवर, मातृभूमीवर त्यांनी उत्कट कविता लिहिल्या. बालकवी ठोमऱ्यांना आपल्या घरी पोटच्या मुलाप्रमाणे वागविले. त्यांच्या लेखी अनंत जीवन मरणानंतर सुरू होत नव्हते. ख्रिस्ताशी जडलेल्या नात्यात ते आजच, या अंगणात सुरू झाले होते. तुकोबांच्या अभंगांनीच आपल्याला ख्रिस्ताजवळ आणले, असे ते मानीत. ‘अभंगांजली’ हे त्याच नात्याचे फळ.

१९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि संन्यस्त वृत्तीने साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांना तेथे सारखाच प्रवेश होता. वयाच्या छप्पनाव्या वर्षी, हाती बेताचीच पुंजी असताना, ठरलेला पगार सोडणे हे व्यवहारी मनाला साहस वाटेल. टिळकांच्या हिशेबात ती केवळ संगती होती. दरबार रुजण्यास काळाने फारशी सवड दिली नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला.

त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. टिळकांनी सुरुवातीचे अध्याय रचले होते; पुढील ६४ अध्याय लिहिले ते लक्ष्मीबाईंनी. ज्यांनी शाळा पाहिली नव्हती, ज्यांना एकेकाळी या श्रद्धेपायी घर गमवावे लागले होते, त्याच हातांनी ते काव्य पुढे नेले. अपुऱ्या कामाचे ओझे न बाळगता निघून जाणे टिळकांना साधले, कारण काम आपले नव्हे अशी त्यांची धारणा होती. आणि त्या धारणेची खरी कसोटी त्यांच्या मागे राहिलेल्या सहधर्मचारिणीने दिली.