जखमी कामगाराचे पहिले वकील : रावबहादूर लोखंडे

गिरणीत कामगाराचा हात पट्ट्यात सापडला तर पूर्वी काय होई? त्याचा खाडा लागे आणि त्याच्या जागी दुसरा उभा राही. मालकाला दया आली तर चार रुपये मिळत. हात नशिबाने गेला, असे कामगारालाही वाटे. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला पूर्वजन्मीचे पाप शिकवले, त्याला दुसरे काय वाटणार?

या समजुतीवर घाव घातला तो नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८४८ साली ठाण्यात जन्मलेले लोखंडे रेल्वे व टपाल खात्यातील नोकरीनंतर मुंबईत मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर झाले. कामगारांचे हाल त्यांनी तेथे डोळ्यांनी पाहिले. महात्मा फुल्यांचा हा सत्यशोधक अनुयायी १८८० पासून ‘दीनबंधु’ चालवीत होता.

१८८१ चा फॅक्टरी कायदा अपघाताची खबर सरकारला द्या असे सांगे. भरपाईचे नाव नाही! १८८४ साली लोखंड्यांनी सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनकडे पाठवला. त्यातील रविवारच्या सुट्टीची मागणी सर्वांना ठाऊक आहे. १० जून १८९० रोजी ती मान्यही झाली. पण त्याच अर्जात आणखी एक मागणी होती. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या, आणि जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटाची सोय करा. आमच्या मते अर्जातली सर्वांत मोठी मागणी हीच. दयेच्या जागी तिने हक्क आणला.

ही मागणी पुरी झालेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले. भरपाईचा कायदा आला १९२३ साली. मालकाची चूक सिद्ध करण्याचे ओझे कामगारावर राहिले नाही. तंट्याचा निवाडा आयुक्ताकडे गेला. पुढे बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४४ साली आलेल्या अडारकर अहवालातून कामगार विम्याचा १९४८ चा कायदा उभा राहिला. फुले, लोखंडे, बाबासाहेब अशी ही एकच वाट आहे.

आज ठेकेदाराचा माणूस गटारात गुदमरतो, पाड्यावरून पडतो. घरच्यांच्या हातावर थोडी रोकड ठेवून कागदावर अंगठा घेतला जातो आणि प्रकरण मिटले म्हणतात. कोणाचे मिटले? हक्क सोडल्याचा असला करार १९२३ च्या कायद्यानेच रद्दबातल ठरवला होता. बंधूंनो, अंगठा देण्याआधी दावा दाखल करा. लोखंड्यांना खरे अभिवादन तेच!