मनाचा वैद्य : आल्फ्रेड ॲडलर

ऑस्ट्रिया देशाची राजधानी व्हिएन्ना. या नगराच्या वेशीवरील एका वस्तीत ७ फेब्रुवारी १८७० रोजी एका ज्यू धान्यव्यापाऱ्याच्या घरी आल्फ्रेडचा जन्म झाला. बालपणीच त्याला मुडदूस झाला. चौथ्या वर्षापर्यंत त्याला धड चालता येईना. थोरला भाऊ अंगणात मनसोक्त धावे आणि हा बिचारा पट्ट्या बांधलेल्या स्थितीत बाकावर बसून त्याच्याकडे पाहत राही. पुढे धाकटा भाऊ त्याच्या शेजारच्या बिछान्यातच मरण पावला. त्यानंतर आल्फ्रेडला न्यूमोनियाने गाठले. वैद्यांनी आशा सोडली. पण तो वाचला आणि आपण डॉक्टरच व्हायचे, असे त्या चिमुकल्याने मनाशी ठरविले.

शाळेत त्याचे गणित कच्चे होते. याला चांभारकाम शिकवावे, असे शिक्षकांनी वडिलांना सुचविले, असे सांगतात. कोणताही उद्योग हलका नसतो हे खरे. परंतु एका विषयावरून मुलाचे भवितव्य ठरविणे घाईचेच म्हटले पाहिजे. वडिलांनी तो सल्ला मानला नाही. आल्फ्रेड नेटाने अभ्यासाला लागला व त्याच विषयात पुढे आला.

१८९५ साली ॲडलर डॉक्टर झाले. त्यांच्याकडे सर्कशीतील कसरतपटूही उपचारांसाठी येत. त्यांच्यापैकी कित्येक जण लहानपणी अशक्त होते, हे ॲडलर यांच्या ध्यानी आले. प्रत्येक मुलाला मोठ्यांपुढे आपण दुबळे आहोत असे वाटतेच; त्यातूनच पुढे जाण्याची धडपड जन्मते, असे त्यांचे मत बनले. मात्र ही भावना मनात घट्ट रुतून बसली, की कोणी भित्रा होतो, तर कोणी उगाच बढाया मारतो. यालाच आपण न्यूनगंड म्हणतो.

१९०२ पासून ते सुप्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ फ्रॉइड यांच्या मंडळात होते. परंतु मतभेद विकोपाला जाऊन १९११ मध्ये ते बाहेर पडले. माणूस कोठून आला एवढेच न पाहता तो कोठे जाऊ पाहतो, हेही पाहिले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी व्हिएन्नात मुलांसाठी मार्गदर्शन केंद्रे उघडली. तेथे शिक्षक आधी मुलाची हकिगत सांगत. मग आईवडील येत. शेवटी मूल येई. वर्गात सतत खोड्या काढणाऱ्या मुलाला ॲडलर दटावीत नसत. खोडी काढून याला काय मिळते, याचा ते शोध घेत. पुष्कळदा उत्तर साधे असे : सर्वांचे लक्ष.

त्यांचे सर्वच विचार टिकले असे नाही. घरात मूल कितवे आहे यावर त्याचा स्वभाव बराच अवलंबून असतो, असे ते मानीत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या संशोधनांत मात्र हा परिणाम अगदी नगण्य आढळला.

ऑस्ट्रियात हुकूमशाही आली आणि १९३४ मध्ये ती केंद्रे बंद पडली. ॲडलर अमेरिकेत स्थायिक झाले. २८ मे १९३७ रोजी, व्याख्यानांच्या दौऱ्यावर असताना, स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे रस्त्याने चालता चालता ते कोसळले व मरण पावले. त्यांची रक्षा एडिंबरो येथे कित्येक वर्षे विस्मृतीत पडून होती. २००७ मध्ये ती सापडली आणि २०११ साली व्हिएन्नात परत आणली गेली.