रुडॉल्फ डिझेल

मुलांनो, सातारा-सांगलीकडच्या शेतांत विहिरीवर पाणी खेचणारे इंजिन तुम्ही पाहिले असेल. त्यात डिझेल घालतात, हेही तुम्हांला माहीत असेल. पण डिझेल हे मुळात एका माणसाचे आडनाव आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे का?

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस येथे झाला. त्यांचे आईवडील जर्मन होते. वडील चामड्याच्या वस्तू बनवत. १८७० साली फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात युद्ध पेटले. जर्मन असल्यामुळे या कुटुंबाला पॅरिस सोडून लंडनला जावे लागले. बारा वर्षांच्या रुडॉल्फला शिक्षणासाठी जर्मनीत नातेवाइकांकडे पाठवले. परक्या घरी राहून त्याने मन लावून अभ्यास केला आणि १८८० साली म्युनिक येथे इंजिनियरची परीक्षा उत्तम गुणांनी पार केली.

त्या काळी कारखाने वाफेवर चालत. वाफेचे इंजिन मोठे आणि महाग असे. त्यात कोळशाची बहुतेक उष्णता वाया जाई. लहान कारागिरालाही परवडेल असे इंजिन बनवावे, असे डिझेल यांना वाटे.

सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, कारण दाबलेली हवा तापते. डिझेल यांनी हाच नियम वापरला. त्यांच्या इंजिनात हवा इतकी दाबली जाते, की आत सोडलेले तेल ठिणगीशिवाय पेटते. १८९३ साली पहिल्या चाचणीतच स्फोट झाला आणि ते थोडक्यात बचावले. तरी त्यांनी काम सोडले नाही. १८९७ साली इंजिन यशस्वी झाले.

१९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात असेच एक छोटे इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले गेले. वनस्पतींच्या तेलाला पुढे मोठे महत्त्व येईल, असे मत डिझेल यांनी १९१२ साली मांडले. पुढच्याच वर्षी, २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री, इंग्लंडला जाताना ते बोटीवरून नाहीसे झाले. त्यांच्या मृत्यूचे गूढ अजून उकललेले नाही.

त्यांचे इंजिन मात्र जगभर गेले. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीला लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली कारखाना उभारला. तेथे लोखंडी नांगर तयार होत. याच घराण्याने १९४६ साली पुण्यात डिझेल इंजिनांचा कारखाना काढला. लहान माणसाच्या हाती इंजिन यावे, ही डिझेल यांची इच्छा आपल्या शेतकऱ्याच्या विहिरीवर पुरी झाली.

मग इंजिनात सरळ गोडेतेल का घालत नाहीत? कारण ते दाट असते. त्याने इंजिनाच्या बारीक नळ्या तुंबतात. यावर रसायनशास्त्राने उपाय शोधला. तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा मिसळून ते तापवतात. येथे कॉस्टिक सोडा हा उत्प्रेरक असतो. उत्प्रेरक क्रिया लवकर घडवून आणतो, पण स्वतः खर्च होत नाही. लग्न जमवणारा मध्यस्थ जसा दोन घरे जोडून बाजूला होतो, तसेच हे. या क्रियेतून पातळ जैव डिझेल मिळते आणि ग्लिसरीन वेगळे होते.

भुईमूग आपल्या सातारा-सांगलीतही पिकतो. पण त्याचे तेल आधी माणसाच्या पोटासाठी हवे. म्हणून करंजाच्या बियांचे तेल आणि तळणीतून उरलेले तेल जैव डिझेलसाठी वापरणे अधिक चांगले. जमिनीखालचे तेल एक दिवस संपेल. करंजाला मात्र दरवर्षी शेंगा येतील. विहिरीवरचे इंजिन ऐकाल, तेव्हा स्फोटानंतरही न थांबलेल्या या माणसाची आठवण ठेवा.